दोन बोटं कमी

प्रेमकथेला पाऊस लागतो, हे मला मान्य आहे. पण २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या शहरात पाऊस ही एक जुनी आठवण होती आणि जायकवाडीच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळत होती. शहर मात्र वाढतच होतं. माळावर सातमजली इमारती उठत होत्या आणि त्यांच्या फलकांवर धबधब्याखाली उभं राहून हसणारं कुटुंब होतं. ते पाणी कुठलं, हे फलकावर लिहिलेलं नसे. तेव्हा या कथेत पावसाच्या जागी टँकर आहे. वाचकांनी चालवून घ्यावं.

तर त्या मंगळवारी सकाळी सायली गाडेकर टँकरच्या डोक्यावर उभी होती.

वाळूजला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत ती अ‍ॅडमिन विभागात होती. पूर्वी अ‍ॅडमिन म्हणजे स्टेशनरी, चहा आणि वाढदिवसाचा केक. दुष्काळ पडल्यापासून अ‍ॅडमिन म्हणजे पाणी. येणाऱ्या प्रत्येक टँकरवर सायली शिडीनं चढायची, झाकण उघडायची आणि एक लांब बांबू आत बुडवायची. बांबूवर फुटांच्या आणि बोटांच्या खुणा होत्या. लाल नेलपॉलिशच्या, कारण ती पाण्यानं जात नाही. तिच्या आधीचा माणूस टँकर न मोजताच सही करायचा. कंपनीनं पाणी म्हणून बरीचशी हवा विकत घेतल्याचं उघड झालं, तेव्हा तो गेला आणि सायली आली. संशय हा तिचा स्वभाव होताच. कंपनीनं त्याला पगार सुरू केला.

"चार बोटं कमी!" ती वरून ओरडली. "परत ने. भरून आण."

"मॅडम, रस्ते में हिलता है ना पानी," खालून ड्रायव्हर बन्सी म्हणाला. "रोडला गड्ढे किती हैत, तुम्हीच बघा."

"हलल्यावर पाणी कमी होतं व्हय रं? चहा ढवळला की कप अर्धा होतो का तुझा?"

खाली कुणीतरी हसलं.

सायलीनं झाकण लावता लावता वाकून पाहिलं. टँकरनं अडवलेल्या गेटपाशी एक तरुण बाईकवर बसला होता. गळ्यात कोरं करकरीत ओळखपत्र, पाठीला लॅपटॉपची बॅग, आणि चेहऱ्यावर… हसू अजून पुरतं उतरलेलं नव्हतं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. मी आयटीचा. सार्थक औताडे. तुमचे मेल येत नाहीत ना, तेच बघायला आलोय."

आपली अडचण ज्याला आधीच ठाऊक आहे, असा माणूस सायलीला कधीच आवडत नसे.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत. काल. फोनवर."

"फोनवरच्या आवाजावरून तुम्ही आयटीचे वाटत नव्हतात," सायली म्हणाली आणि शिडी उतरू लागली.

अडचण मात्र खरी होती. जुना माणूस गेल्यापासून साहेबांचा, म्हणजे हिमांशू सरांचा, हुकूम होता : पाण्याच्या बाबतीत तोंडी काही नाही, सगळं मेलवर. टँकर कुठून भरणार, कधी येणार, सगळं. आणि सोमवारपासून सायलीच्या कॉम्प्युटरवर एकही मेल उतरला नव्हता. त्या दिवशी भरण्याची विहीर आटली, टँकर संध्याकाळी येतील असा मेल एजन्सीनं पाठवला होता म्हणे. तो सायलीला मिळालाच नाही. कँटीन बंद पडलं. पहिल्या पाळीची माणसं ग्रीसचे हात तसेच घेऊन घरी गेली.

"मिस गाडेकर," हिमांशू सर म्हणाले. ते साधं बोलले तरी नोटीस वाचल्यासारखं वाटे. "शनिवारी तुमचं कन्फर्मेशन आहे. शुक्रवारपर्यंत मेल सुरू हवेत. नाहीतर आपल्याला पुनर्विचार करावा लागेल."

पुनर्विचाराचा अर्थ सायलीला माहीत होता. तिचे अण्णा, म्हणजे वडील पुंजाराम गाडेकर, दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरूची बाग राखून होते. त्यांनी लेकीला उस्मानपुऱ्यात खोली घेऊ दिली होती ती एकाच बोलीवर. "नोकरी पक्की झाली तर ऱ्हा. नाय झाली तर घरी ये. बागेला बी टँकरच घालतोय, हितं घे मापं."

आता मेल आपोआप बंद पडतात, यावर सायलीचा विश्वास नव्हता. टँकरवाल्यांना आपण नको आहोत, आणि हा आयटीवाला तीनच आठवड्यांपूर्वी कंपनीत आलाय. एवढं जुळवायला काय लागतं?

"पासवर्ड टाका," सार्थक तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला.

"तुम्ही तोंड फिरवा."

त्यानं खुर्ची भिंतीकडे फिरवली. वर डोळ्यांवर हातही धरले.

"कान?"

"पासवर्ड ऐकू येतो?"

"काही लोक कीबोर्डचे आवाज मोजतात."

सार्थकनं निमूटपणे डोळ्यांवरचे हात कानांवर नेले. डोळे मात्र मिटलेलेच ठेवले… हे सायलीनं पाहून ठेवलं. संशयी माणसाला चांगल्या गोष्टीही दिसतात, फक्त तो त्या वेगळ्या ठेवतो.

मग त्यानं केबल काढून लावली, सर्व्हरला हाक मारून पाहिली, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद केला. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायची, निम्म्यावर यायची, थबकायची. मग 'सर्व्हरशी संपर्क तुटला.' पुन्हा पहिल्यापासून.

"सर्व्हर सापडतोय. पासवर्डही चालतोय," तो म्हणाला. "पण रांगेतला पहिलाच मेल प्रचंड मोठा आहे. तो उतरता उतरता ठरलेला वेळ संपतो, जोडणी तुटते, आणि पुन्हा तोच पहिल्यापासून उतरायला लागतो. बाकीचे मागं उभे."

"म्हणजे नळावर एखादी बाई टिपाड लावून बसते, तसं."

सार्थक तिच्याकडे बघतच राहिला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा कुणाला तरी एका दमात कळलं होतं.

"अगदी तसंच."

"मग ते टिपाड बाजूला करा की."

"कुणाचं आहे ते सर्व्हरवर बघून येतो."

सर्व्हर रूम ही कंपनीतली एकमेव खोली जिथला एसी कधी बंद होत नसे. त्या गारव्यात सार्थकनं रांग उघडली. मेलच्या आत काय आहे ते बघायची त्याला मुभा नव्हती. पण पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि आकार बाहेरूनच दिसतो. आकार : चोवीस एमबी. पाठवणारे : कारभारी, लासूर स्टेशन. विषय : चि. सार्थकचं स्थळ, फोटोसह.

कारभारी हे त्याचे सख्खे मामा. लासूरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. सार्थक शेजारच्या खोक्यावर बसला आणि फोन लावला.

"मामा, कुणाला मेल पाठवलाय तुम्ही?"

"पावला व्हय!" मामांचा आवाज खुलला. "आरं, वधू-वर मेळाव्यात दौलताबादचे पुंजाराम भेटले. सगळे कागद वाटत व्हते, आन् ह्यो गडी लेकीचं व्हिजिटिंग कार्ड वाटीत होता. म्हणला, हिच्याच मेलवर धाडा, पोरगी सोताच तपासून घेती."

"ती माझ्याच कंपनीत आहे, मामा."

"मग तर लईच बेस. येण्या-जाण्याचं पेट्रोल वाचलं."

"त्यात काय काय जोडलंय?"

"तुझा फोटो. परिचयपत्र. पत्रिका. सातबारा. विहिरीचा फोटो, बैलजोडीचा बी."

"बैलजोडी कशाला?"

"घर कसं हाय ते कळाया नको? आन् नेटवाल्याला सांगितलं, सगळ्यात भारी क्वालिटी लाव. आपुन काय हलके लोक हावत का?"

सार्थकनं फोन ठेवला. मार्ग सोपा होता. तो मेल उडवायचा की रांग सुटली. पण कुणाचाही मेल त्या माणसाला विचारल्याशिवाय उडवायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. विचारायचं म्हणजे सांगायचं. आणि सांगायचं म्हणजे… मॅडम, तुमचं पाणी मी अडवलंय. मी, आमची विहीर आणि बैल.

नियम राहू दे. खरी गोष्ट अशी, की त्यानं डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं आणि त्याला सकाळची ती मुलगी दिसली, टँकरच्या डोक्यावर, ओढणी कमरेला खोचलेली, हातात तिच्याहून उंच बांबू. बोट तिथंच राहिलं.

तो परतला तेव्हा त्याचे कान लाल होते. एसीतून आलेल्या माणसाचे कान लाल का? सायलीनं नोंद घेतली.

"कुणाचा आहे?"

"तो… खाजगी दिसतो."

"तुम्ही वाचलात?"

"नाही! बाहेरून नाव दिसतं फक्त."

"कुणाचं नाव?"

"लक्षात नाही राहिलं."

"एवढ्या लवकर विसरता, तर पासवर्ड सांगितला असता तरी चाललं असतं."

सार्थकनं विषय बदलला. "तो सोडवायला जरा वेळ लागेल. तोवर मागचे मेल मी सर्व्हरवरून हातानं एकेक काढून, छापून आणून देतो. तुमची परवानगी असेल तर. म्हणजे टँकरचं अडणार नाही."

"न वाचता छापता येतात?"

"कागद उलटे धरून आणीन."

आणि त्यानं खरंच तसं केलं. दिवसातून दोन-तीनदा तो पोस्टमनसारखा यायचा, कोऱ्या बाजूनं कागद टेबलावर ठेवायचा आणि छताकडे बघत उभा राहायचा. टँकर वेळेवर येऊ लागले. बुधवारी तो कागदांबरोबर एक बादलीही घेऊन आला.

"हे काय?"

"सर्व्हर रूमच्या एसीचं पाणी. नळीतून ठिबकतं, रोज फेकून देतात. गेटपाशी ते कडुलिंबाचं रोप वाळतंय… तुम्ही येता-जाता बघता त्याच्याकडे."

आपण रोपाकडे बघतो हे यानं कधी बघितलं, असा प्रश्न सायलीला पडला. तो तिनं विचारला नाही. त्या उन्हाळ्यात गुलाब कुणीही दिला असता; अर्धी बादली पाणी देणं हे फार पुढचं पाऊल होतं. तिनं आधी बादलीत बांबू बुडवला.

"सहा बोटं," ती म्हणाली.

"कमी आहे?"

"नाही. ठीक आहे." आणि ती हसली की काय, हे ठरवण्याआधीच तिनं पाठ फिरवली होती.

गुरुवारी टँकर रिकामा करताना बन्सीचा पाइप जोडावरून निसटला. पाण्याचा जाड लोट उसळला आणि शेजारून उलटे कागद घेऊन चाललेला सार्थक आपादमस्तक भिजला. इथं खरं तर दोघांनी थबकून एकमेकांकडे पाहायला हवं होतं. पण दुष्काळ होता.

"बघताय काय, औताडे? धरा ना तोंड त्याचं!"

त्यानं कागद शर्टात कोंबले आणि दोन्ही तळव्यांनी पाइपचं तोंड दाबलं. तळव्यांवर सायलीनं स्वतःचे हात दाबले. बोटांच्या फटींतून पाणी उडत होतं, तिच्या पापण्यांवर, त्याच्या हनुवटीवर. तापलेल्या मुरुमातून मातीचा वास उठला, कित्येक महिन्यांनी… बन्सी जोड आवळत होता आणि त्याला घाई दिसत नव्हती.

"मॅडम," सार्थक हळूच म्हणाला, "तुमचा बांबू पडला."

"पडू दे," सायली म्हणाली. हे आपणच म्हणालो याचं तिला इतकं आश्चर्य वाटलं, की तिनं ताबडतोब हात काढून घेतले. पाणी पुन्हा उसळलं.

टेबलाशी येऊन तिनं ओले कागद पंख्याखाली वाळत घातले. मन शांत करायला तिला एकच उपाय माहीत होता : मोजणं. तिनं आलेले सगळे कागद मोजले. मग स्क्रीनवरच्या रांगेचा आकडा पाहिला. सार्थक दारात केस झटकत होता.

"माप कमी आहे, औताडे."

"किती?"

"एक. रांगेत एकतीस, तुम्ही आणलेले तीस. ते टिपाड कुठंय?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "ते मी… उद्या सांगतो."

"आज का नाही?"

"आज ओला आहे मी."

तो गेला. सायली खुर्चीत बसली. तळव्यांना अजून गार लागत होतं. बरं वाटत होतं, फारच बरं वाटत होतं. आणि इतकं बरं वाटतंय म्हणजे यात नक्की काहीतरी गडबड आहे, असं तिचं मत झालं. आधीच्या माणसालाही टँकरवाल्यांनी गोड बोलूनच फसवलं होतं. पायाखालची नोकरी चाललीय आणि आपण कुणाच्या हनुवटीवरचं पाणी आठवतोय? ती उठली आणि हिमांशू सरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली, "सर, आयटीनं माझा एक मेल दाबून ठेवलाय."

शुक्रवारी हिमांशू सर स्वतः तिच्या टेबलापाशी उभे होते.

"मिस्टर औताडे, या मेलमध्ये काय आहे?"

"खाजगी आहे, सर. मॅडमनी एकट्यानं बघावा अशी विनंती आहे."

"कंपनीच्या सर्व्हरवर खाजगी काही नसतं. उघडा."

सार्थकनं सायलीकडे पाहिलं. "मॅडम म्हणाल्या तरच."

नोकरी जाण्याच्या बेतात असलेला माणूस साहेबांसमोर असं म्हणत नाही. सायलीला हे कळलं, थोडं टोचलंही. पण आता मागं फिरणं म्हणजे शनिवार हातचा घालवणं होतं.

"उघडा," ती म्हणाली.

त्यानं सेटिंग उघडलं. जोडणी किती वेळ धरून ठेवायची याचा एक मिनिटावर असलेला काटा दहापर्यंत ओढला. एवढंच.

"एवढंच होतं?" सायलीचा आवाज चढला. "मग मंगळवारीच का नाही केलंत?"

हिरवी पट्टी निम्म्यावर आली… थबकली… आणि या वेळी पुढं सरकली. टोकाला पोचली तसे मागचे सगळे मेल धडाधड कोसळले, धरणाचं दार उघडल्यासारखे.

सायलीनं पहिला उघडला. आधी सातबारा आला. मग एक विहीर, कोरडी. मग एक बैलजोडी, शिंगांना रंग लावलेली, कॅमेऱ्याकडे संशयानं बघणारी.

"हे काय आहे?" हिमांशू सरांनी विचारलं.

शेवटचा फोटो इतका जड होता, की तो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरू लागला. स्टुडिओच्या पडद्यावरचे बर्फाचे डोंगर. तेल लावून बसवलेले केस. कपाळ. भुवया… भुवयांपर्यंत आल्यावर सायलीनं स्क्रीनवरून मान काढली आणि शेजारी पाहिलं. त्याच भुवया तिथं होत्या. त्यांच्याखालचे डोळे मिटलेले होते, पासवर्डच्या वेळेसारखे.

"मिस्टर औताडे," हिमांशू सर म्हणाले, "चार दिवस या कंपनीचं पाणी तुमच्या बैलांनी अडवलं होतं?"

"दोनच बैल आहेत, सर."

"यासाठी पॉलिसी आहे का, बघावं लागेल," असं म्हणून हिमांशू सर निघाले. दाराशी थांबले. "मिस गाडेकर, मंगळवारपासून एकही टँकर चुकलेला नाही, तेवढं मी लिहितो. आणि मेल सुरू झालेत. उद्या पत्र घ्या." आणि गेले.

सायली उभीच होती.

"हे तुम्ही मला पाठवलंत?"

"मामांनी. तुमच्या वडिलांनी मेळाव्यात तुमचं कार्ड वाटलं. सगळ्यांना. मला कल्पनाही नव्हती."

"आणि तुम्ही लपवलंत. मला वाटलं, टँकरवाल्यांनी तुम्हाला… मी साहेबांकडे गेले तुमच्याविरुद्ध! उडवून टाकायचा ना सरळ. कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," सार्थक म्हणाला. "म्हणूनच तर."

"म्हणजे?"

"मी तो उडवला असता, तर तुम्हाला कधीच कळलं नसतं की असा एक मेल आला होता. आणि सांगितलं असतं, तर तुम्हीच उडवला असता. दोन्ही मला…" तो थांबला. "चालणार नव्हतं. काटा वाढवला असता तर तो उतरलाच असता, माझ्यासमोर. म्हणून तेही केलं नाही. हे चुकलं माझं. तुमची नोकरी होती त्यात."

सायलीनं मेल छपाईला टाकला, प्रिंटरपाशी जाऊन एक कागद उचलला, बाकीचे राहू दिले, आणि निघून गेली.

शनिवारी सकाळी तिच्या पर्समध्ये कन्फर्मेशनचं पत्र होतं आणि सार्थकच्या बॅगेत मेमो. तो गेटवर आला तेव्हा टँकर आडवा होता. सायली टँकरवर नव्हती. खाली उभी होती, एका हातात बांबू, दुसऱ्या हातात कालचा कागद.

"बाईक लावा. इकडं या."

तो आला.

"परिचयपत्रात लिहिलंय, उंची पाच फूट दहा इंच." ती कागदावरून नजर न उचलता म्हणाली. "बूट काढा. पाठ टँकरला लावा. सरळ… मान ताठ."

सार्थक अनवाणी, तापल्या डांबरावर, टँकरला टेकून उभा राहिला. बन्सी विडी विझवून जवळ आला. असं माप त्यानं पाहिलं नव्हतं. सायलीनं बांबू त्याच्याशेजारी उभा केला. तिचा तळवा हलकेच त्याच्या डोक्यावर टेकला, केसांवरून सरकत बांबूपर्यंत गेला, आणि खुणेवर थांबला. जरा जास्तच वेळ थांबला.

"दोन बोटं कमी."

"मामांनी लिहिलंय ते," सार्थक म्हणाला. मग घसा साफ करून : "लासूरचा रस्ता खराब आहे, मॅडम. येताना हललो असेन."

बन्सी फिस्सकन हसला. सायलीनं ओठ घट्ट मिटले, पण ते काही केल्या मिटून राहीनात.

"उद्या रविवार आहे," ती बांबूवरची धूळ पुसत म्हणाली. धूळ नव्हती. "अण्णा दुपारपर्यंत बागेतच असतात. मामांना घेऊन या. फोटो नका आणू. बैल तर अजिबात नको."

"मॅडम, ये क्या इन्साफ हुआ?" बन्सी कळवळून म्हणाला. "मेरा टँकर वापस भेजते. और ये साहब कमी पडले तर?"

सायली शिडी चढू लागली होती. दुसऱ्या पायरीवर ती थांबली. तिनं वळून पाहिलं नाही, पण खालून तिचे कान दिसत होते, आणि या वेळी ते तिचे लाल होते.

"दुष्काळ आहे, बन्सी," ती म्हणाली. "दोन बोटं चालवून घ्यावी लागतात."